सहलेखित अनुकथांतील पात्रयुग्म : विरोध आणि समान आधार

१. विषयमर्यादा

एखाद्या प्रसिद्ध कृतीतील पात्रे, त्यांचे जग आणि त्यांचे परस्परसंबंध आधारास घेऊन त्या कृतीच्या वाचकांनी वा प्रेक्षकांनी रचलेल्या नव्या कथांस इंग्रजीत ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी त्यांस ‘अनुकथा’ म्हटले आहे. नाव अर्वाचीन असले तरी प्रवृत्ती जुनी आहे. मूळ लेखकाने जेथे लेखणी ठेवली तेथून ती दुसऱ्याने उचलावी, हा प्रकार छापील कादंबरीच्या आरंभकाळापासून दिसतो.

या लेखनाचा एक विशेष असा की ते पुष्कळदा एकट्याचे नसते. दोघे लेखक एकेक पात्र वाटून घेतात आणि आळीपाळीने कथा पुढे नेतात. एकाने आपल्या पात्राच्या तोंडी प्रश्न घालावा व दुसऱ्याने आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यावे, अशी ही रीत होय. साहजिकच या कथांचा सारा भार पात्रांच्या जोडीवर पडतो, आणि जोडी म्हटली की तीत विरोध हवा असे मानले जाते. म्हणून सहलेखक आरंभीच कागदावर दोन रकाने आखतात. एक शांत तर दुसरा तापट. एक तर्कनिष्ठ तर दुसरा भावनाशील. एक धीट तर दुसरा भित्रा. रकाने भरले की पात्रे सिद्ध झाली, असा समज असतो.

हा समज अपुरा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. भिन्न गुणांची यादी म्हणजे विरोध नव्हे. विरोध हा एक संबंध आहे, आणि तो उभा राहण्यास दोहोंना समान असा आधार लागतो. तो आधार सुटला म्हणजे जोडीची दोन व्यंगचित्रे होतात. आणि लेखक दोन असल्यामुळे तो सुटण्याचा संभव सहलेखनात अधिक असतो. या विवेचनासाठी भाषाशास्त्रातील विरोधाची कल्पना विशेष उपयोगी पडते.

२. विरोधाचे तीन प्रकार

निकोलाय त्रुबेत्स्कॉय (१८९०–१९३८) यांच्या मरणोत्तर, १९३९ साली, प्रसिद्ध झालेल्या ध्वनिविचारावरील ग्रंथात विरोधाची मीमांसा आहे. तिचे पहिले गृहीतक असे, की ज्या दोन वस्तूंत काहीच समान नाही त्यांच्यात विरोध संभवत नाही; त्या केवळ निराळ्या असतात. शाईची दौत आणि इच्छास्वातंत्र्य या दोहोंत भेद आहे, विरोध नाही. याउलट ‘ताट’ आणि ‘थाट’ या मराठी शब्दांतील त् आणि थ् यांच्यात विरोध आहे, कारण उच्चारस्थान, अघोषत्व इत्यादी सर्व बाबतींत ते एक असून केवळ महाप्राणत्वाच्या ठायी वेगळे होतात.

या विरोधांचे तीन प्रकार प्रस्तुत विषयास लागू पडतात. पहिला अभावात्मक: एका घटकात एक लक्षण आहे व दुसऱ्यात ते नाही, जसे थ् मध्ये महाप्राणत्व आहे आणि त् मध्ये नाही. दुसरा तरतमात्मक: एकच लक्षण दोहोंत कमीअधिक प्रमाणात असते, जसे ई, ए आणि इंग्रजी शब्दांबरोबर आलेला ॲ या स्वरांत मुख अधिकाधिक उघडत जाते. तिसरा तुल्यबल: दोहोंपाशी आपापले स्वतंत्र लक्षण असते आणि कोणीही दुसऱ्याचा अभाव नसतो, जसे ‘पाट’ आणि ‘ताट’ यांतील प् ओष्ठ्य आहे तर त् दन्त्य आहे. प् म्हणजे ‘दन्त्यत्व नसलेला त्’ असे कोणी म्हणत नाही.

हे तीनही प्रकार एकाच कथामालेत पाहावयाचे असतील तर आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्स कथांसारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. १८८७ साली सुरू झालेल्या या मालेत चार कादंबऱ्या व छप्पन्न लघुकथा आहेत, आणि तिच्यावर रचलेल्या अनुकथांची संख्या मूळ कथांच्या कित्येक पट आहे. पोलीस अधिकारी लेस्ट्राड आणि होम्स यांचा विरोध बव्हंशी अभावात्मक आहे: एकास दिसते, दुसऱ्यास दिसत नाही. १८९३ च्या ‘द ग्रीक इंटरप्रिटर’ या कथेत येणारा होम्सचा वडील बंधू मायक्रॉफ्ट याच्याशी असलेला विरोध वरकरणी तरतमात्मक आहे: निरीक्षणाची शक्ती दोघांपाशी आहे, वडील भावापाशी ती अधिक आहे. मात्र डॉयल यांनी तेथेच थांबणे नाकारले. मायक्रॉफ्ट आळशी आहे. अनुमान पडताळण्यासाठी खुर्चीतून उठण्याची त्याची तयारी नाही. केवळ प्रमाणाचा फरक ठेवला असता तर धाकटा भाऊ अनावश्यक ठरला असता, हे मूळ लेखकाने जाणले होते.

होम्स आणि वॉटसन यांचा विरोध मात्र तुल्यबल आहे, आणि अनुकथाकारांकडून सर्वाधिक अन्याय याच विरोधावर झाला आहे. वॉटसन म्हणजे ‘होम्सची बुद्धी नसलेला माणूस’ असे समीकरण मांडले जाते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे जे दहा नियम सांगितले त्यांतही गुप्तहेराच्या मंद मित्राची बुद्धी सामान्य वाचकाहून किंचित, अगदी किंचित, कमी असावी असे म्हटले आहे. ही तरतमाची भाषा झाली. मूळ कथांतील वॉटसन अफगाण युद्धात जखमी झालेला लष्करी डॉक्टर आहे. तो माणसांना धीर देतो, त्यांचा विश्वास मिळवितो आणि मुख्य म्हणजे त्याला गोष्ट सांगता येते. होम्सला ती येत नाही. याचा पुरावा डॉयल यांनीच ठेवला आहे. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ब्लँच्ड सोल्जर’ आणि ‘द लायन्स मेन’ या दोन कथा होम्सने स्वतः निवेदन केल्या आहेत. पहिल्या कथेत तो कबूल करतो की वाचकाला रस वाटेल अशाच पद्धतीने हकीकत मांडावी लागते, आणि पुढे वॉटसनच्या अनुपस्थितीची त्याला जाणीवही होते. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे त्याने कथा सांगावयाची तर उत्तर बळेच लपवावे लागते. वॉटसनचे न उमगणे ही उणीव नसून कथनाची शक्ती आहे, हे येथे सिद्ध होते.

३. समान आधार

विरोध उभा राहतो तो समान भूमीवर. होम्स आणि वॉटसन प्रथम भेटतात ते तत्त्वज्ञानाची चर्चा करण्यासाठी नव्हे, तर लंडनमध्ये खोल्यांचे भाडे एकट्यास परवडत नाही म्हणून. दोघे अविवाहित, एकाच सामाजिक थरातले, दोघांनाही संथ जीवनाचा कंटाळा आणि दोघांनाही रात्री-अपरात्री बाहेर पडण्याची हौस. हा आधार इतका सहज मांडलेला आहे की वाचकाच्या तो ध्यानातही येत नाही. तथापि तो काढून घेतला तर वॉटसनने दुसऱ्याच दिवशी आपले सामान का हलवू नये, या प्रश्नास उत्तर राहत नाही.

आधार सुटला म्हणजे काय होते, याचे उत्कृष्ट ऐतिहासिक उदाहरण स्पॅनिश वाङ्मयात आहे. सेर्व्हान्टेस यांच्या ‘डॉन किहोते’चा पूर्वार्ध १६०५ साली निघाला. मूळ लेखकाचा उत्तरार्ध निघण्यापूर्वीच, १६१४ साली, अव्हेयानेदा हे टोपणनाव धारण करणाऱ्या कोणा लेखकाने त्याच दोन पात्रांना घेऊन पुढील भाग प्रसिद्ध केला. त्यात डॉन किहोते डुल्सिनेयावरील प्रेम सोडून देतो आणि अखेरीस तोलेदोच्या वेड्यांच्या इस्पितळात जातो. सांचो हा खादाड आणि ग्राम्य विनोदी नोकर एवढाच उरतो. रकान्यांच्या हिशेबाने पाहिले तर अव्हेयानेदाने काहीच चुकविलेले नाही: एक उंच, दुसरा ठेंगणा, एक वेडा, दुसरा व्यवहारी, एक उपाशी, दुसरा पोटभरू. विरोध उलट अधिक गडद झाला आहे.

गेला तो आधार. सेर्व्हान्टेसच्या सांचोला आपला धनी वेडा आहे हे कळते, आणि तरीही त्याने देऊ केलेल्या बेटाच्या राज्यावर त्याचा विश्वास बसतो. म्हणजे स्वप्न दोघांचे आहे; एकाचे कीर्तीचे, दुसऱ्याचे राज्याचे. डॉन किहोतेही शौर्यग्रंथांचा विषय नसेल तेव्हा अत्यंत शहाणपणाने बोलतो. म्हणजे विवेकही दोघांपाशी आहे. वेड आणि विवेक या दोहोंचा दोघांत वाटा असल्यामुळेच त्यांचा संवाद संपत नाही. साल्वादोर दे मादारियागा यांनी १९२६ साली या दोघांविषयी लिहिताना, कथेच्या ओघात सांचो किहोतेसारखा आणि किहोते सांचोसारखा होत जातो, असे जे प्रतिपादन केले ते याच आधारामुळे शक्य आहे. ज्यांच्यात काहीच सामाईक नाही ती पात्रे परस्परांवर परिणाम करू शकत नाहीत.

सेर्व्हान्टेसचे उत्तर १६१५ च्या उत्तरार्धात आहे. त्याच्या एकोणसाठाव्या प्रकरणात स्वतः डॉन किहोतेला एका खाणावळीत या नकली ग्रंथाची वार्ता लागते, आणि त्या ग्रंथातील किहोते सारागोसास गेला म्हणून हा तिकडे जाण्याचे टाळून बार्सेलोनाची वाट धरतो. पुढे बाहत्तराव्या प्रकरणात अव्हेयानेदाच्याच कथेतील एक पात्र गाठून, खरे डॉन किहोते आणि सांचो हेच, असा जबाब त्याच्याकडून अधिकाऱ्यासमोर लिहवून घेतला जातो. अनुकथेवरील टीका म्हणून हा प्रसंग अपूर्व आहे. मूळ लेखकाची तक्रार आपली पात्रे उचलल्याची आहेच. पण ती ओळखू येईनाशी झाल्याची तक्रारही तितकीच तीव्र आहे.

४. भाषेतील विरोध

पात्रांचा विरोध वाचकाला प्रथम ऐकू येतो तो त्यांच्या बोलण्यात. येथेही रकान्यांची सवय आड येते: एकाच्या तोंडी प्रौढ भाषा, दुसऱ्याच्या तोंडी अशुद्ध. सेर्व्हान्टेसने आरंभ असाच केला, पण तो तेथे थांबला नाही. उत्तरार्धाच्या सातव्या प्रकरणात सांचो ‘रेदुसिदा’ म्हणजे ‘राजी केलेली’ याऐवजी ‘रेलुसिदा’ म्हणतो आणि धनी त्याची चूक सुधारतो. परंतु त्याआधीच, पाचव्या प्रकरणात, सांचोने आपल्या बायकोची अगदी तशीच चूक सुधारलेली असते: ती ‘रेसुएल्तो’ याऐवजी ‘रेव्हुएल्तो’ म्हणते आणि तो तिला धन्याच्या थाटात दुरुस्त करतो. जो धन्यासमोर अज्ञ तोच घरी पंडित. भाषेतील स्थान हे माणसाच्या अंगी जडलेले नसून संबंधावर अवलंबून असते, हे यातून जितके स्पष्ट होते तितके व्याख्यानाने होणार नाही. त्याचप्रमाणे सांचोच्या म्हणींची धन्याला चीड येते. पण उत्तरार्धाच्या शेवटाकडे धनीच म्हणी ओवू लागतो, आणि सांचो ते त्याच्या पदरात घालतो.

मराठीत अनुकथा लिहिणाऱ्यांपुढे संबोधनाचा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. होम्स आणि वॉटसन एकमेकांस आडनावाने हाक मारतात, आणि इंग्रजी सर्वनाम एकच असल्याने पुढचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत ‘तू’ की ‘तुम्ही’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते, आणि क्रियापदही त्याबरोबर बदलते. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दाखविल्याप्रमाणे अशा सर्वनामांमागे सत्ता आणि समभाव ही दोन तत्त्वे असतात. दोघे परस्परांस ‘तुम्ही’ म्हणत असतील तर दोन सभ्य गृहस्थांचे अंतर राखले जाते. दोघे ‘अरे-तुरे’वर असतील तर जुने मैत्र सूचित होते. पण होम्सने ‘तू’ म्हणावे व वॉटसनने ‘तुम्ही’, असे झाले तर मित्रांची जोडी गुरुशिष्यांची होते आणि तुल्यबल विरोध नकळत अभावात्मक बनतो. दोन लेखकांनी आपापल्या पात्राचे संबोधन स्वतंत्रपणे ठरविले तर हा अपघात सहज घडतो. कोणीही तसा विचार न करता वॉटसन धाकटा होऊन बसतो.

याहून गंभीर प्रश्न बोलीचा आहे. जोडीतील ‘कमी’ पात्राच्या तोंडी ‘न्हाई’, ‘व्हय’ अशी रूपे घालून हशा मिळविण्याची युक्ती मराठी लेखनास अपरिचित नाही. यात प्रमाणभाषा म्हणजे भाषा आणि बोली म्हणजे तिचा अभाव, असे गृहीत धरलेले असते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे सर्वस्वी अग्राह्य आहे. वऱ्हाडी, मालवणी वा अहिराणी यांपैकी प्रत्येकीला आपले संपूर्ण व्याकरण आहे, आणि ती बोलणाऱ्याला त्या बोलीत असे काही म्हणता येते जे पुस्तकी भाषेत तितके नेमके म्हणता येत नाही. आपल्या परंपरेने याची वाट पूर्वीच दाखविली आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो व विदूषक प्राकृत. पण दोघे परस्परांस ‘वयस्य’ म्हणतात. भाषा भिन्न आणि संबोधन समान, अशी ही रचना आहे. पारंपरिक तमाशातील वगात संवाद बहुधा लिहिलेले नसत. कथानकाचा सांगाडा ठरलेला असे आणि राजा व सोंगाड्या उभ्या उभ्या संवाद रचीत. तेथे सोंगाड्या राजाला शब्दात पकडतो तो स्वतःच्या बोलीच्या बळावर. सहलेखनाचे याहून जिवंत रूप क्वचितच सापडेल. बोलीत बोलणारे पात्र निदान एकदा तरी त्या बोलीच्या सामर्थ्यावर वाद जिंकते काय, ही कसोटी म्हणून सहलेखकांनी स्वीकारावयास हरकत नाही.

५. विरोधाचा लोप

ध्वनींचा विरोध सर्व परिसरांत सारखा टिकत नाही. मराठीत शब्दान्ती येणारा इकार वा उकार उच्चारात दीर्घच होतो. त्या स्थानी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मावळतो. यास विरोधलोप म्हणतात. विरोध मावळतो तेव्हा दोहोंत जे समान ते उघडे पडते, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट.

पात्रयुग्मातही असे स्थान लागते. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द थ्री गॅरिडेब्स’ या कथेत वॉटसनला गोळी चाटून जाते, आणि इतकी वर्षे भावनाशून्य भासलेल्या होम्सचा धीर क्षणभर सुटतो. शीत आणि उष्ण हा त्यांच्यातील भेद तेथे नाहीसा होतो. हा क्षण परिणामकारक ठरतो, कारण त्यापूर्वी डझनांनी कथांत विरोध पाळलेला आहे. ‘डॉन किहोते’च्या अखेरीस मरणशय्येवरील धनी शहाणा होतो, आणि सांचोच त्याला पुन्हा बाहेर पडण्याची, धनगरांचे सोंग घेऊन रानात हिंडण्याची गळ घालतो. येथे लक्षणांची अदलाबदल आहे, आणि तिच्यातून दोघांचे सामाईक स्वप्न अखेरचे दिसते.

अनुकथांत पुष्कळदा याच क्षणाची घाई असते. मूळ कृतीत दुर्मिळ असलेला जिव्हाळ्याचा प्रसंग वाचकाला हवाहवासा वाटतो, म्हणून तो प्रत्येक प्रकरणात येऊ लागतो. विरोध जेथे सर्वत्र लोपतो तेथे भाषेचा इतिहास सांगतो की तो विरोध अखेर त्या भाषेतून जातो. दोन ध्वनींचा एक ध्वनी होतो. पात्रांचेही तसेच होते. चार प्रकरणांनंतर कोणते वाक्य कोणाचे हे नाव झाकले असता सांगता येत नाही.

६. दोन लेखक, दोन पात्रे

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे एकाच लेखणीची आहेत. दोन लेखण्या आल्या की एक नवी अडचण उत्पन्न होते. जो लेखक होम्स घेतो त्याला उत्तरे मिळतात. जो वॉटसन घेतो त्याच्या वाट्यास प्रश्न आणि आश्चर्योद्गार येतात. पात्रांमधील अभावात्मक विरोध असा लेखकांमधील विरोध होतो. दुसऱ्याच्या पात्राला वाव देण्यासाठी लिहीत राहणे फार काळ सुखाचे नसते. मग तो लेखक एक तर गप्प होतो, किंवा आपल्या पात्राला रातोरात सर्वज्ञ करून टाकतो. दोहोंचा शेवट एकच: कथा अपुरी राहते.

सर्वज्ञ पात्राची थट्टा अनुकथाकारांनी स्वतःच केलेली आहे. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेलेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेवरील ‘स्पॉकॅनेलिया’ हे अनुकथांचे पहिले अनियतकालिक १९६७ साली निघाले. त्यानंतर अशा अंकांतून कथांचा पूर आला, आणि १९७३ साली पॉला स्मिथ यांनी एका विडंबनकथेत लेफ्टनंट मेरी सू हे पात्र निर्माण केले. ही साडेपंधरा वर्षांची मुलगी अंतराळयानावरील प्रत्येक काम प्रत्येकाहून चांगले करते. तिचे नाव पुढे अशा सर्व पात्रांस पडले. विरोधाच्या परिभाषेत सांगावयाचे तर मेरी सू सर्व लक्षणे आपल्याकडे घेते. म्हणून तिच्याशी कोणाचाही तुल्यबल विरोध होऊ शकत नाही, आणि तिला सहचर मिळत नाही. याउलट त्याच मालिकेतील स्पॉक बुद्धिवादी परग्रहवासी असला तरी त्याची आई मानव आहे. कर्क आणि मकॉय यांच्याशी त्याचा विरोध टिकतो तो या अर्ध्या समानतेमुळे.

सहलेखनात समतोल कसा राखता येतो, याचे दोन दाखले उद्बोधक आहेत. पहिला इंग्लंडमधील रहस्यकथालेखकांच्या ‘डिटेक्शन क्लब’चा. १९३१ साली या मंडळाच्या सभासदांनी ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी एकेक प्रकरण एकेकाने लिहून पूर्ण केली. प्रत्येकाने आपल्या मनात रहस्याचे निश्चित उत्तर ठेवूनच प्रकरण लिहावे, पुढच्याची केवळ अडचण करण्यासाठी गुंता वाढवू नये, असा त्यांचा दंडक होता. १९३३ च्या ‘आस्क अ पोलिसमन’ या पुस्तकात ते आणखी पुढे गेले: चार लेखकांनी आपापले गुप्तहेर अदलाबदल केले. डोरोथी सेयर्स यांनी अँथनी बर्कली यांचा रॉजर शेरिंगम लिहिला, तर बर्कली यांनी सेयर्स यांचा लॉर्ड पीटर विम्झी. ग्लॅडिस मिचेल आणि हेलन सिम्पसन यांनीही तसेच केले. आपल्या पात्राची कोणती लकब दुसऱ्याच्या कानास प्रथम ऐकू येते आणि कोणता गुण ऐकूच येत नाही, हे कळण्यास याहून चांगला उपाय नाही.

दुसरा दाखला अनुकथेचा नसला तरी सहलेखनाचा म्हणून महत्त्वाचा आहे. पॅट्रिशिया रीड आणि कॅरोलिन स्टीव्हर्मर यांची १९८८ साली प्रसिद्ध झालेली ‘सॉर्सरी अँड सेसेलिया’ ही पत्ररूप कादंबरी दोघींनी एकमेकींस पात्रांच्या नावाने पत्रे पाठवून रचली. पुढील कथानकाची चर्चा करावयाची नाही, असा खेळाचा नियम होता. पात्रे दोन बहिणी, चुलत-मावस नात्यातल्या. एकीचा मुक्काम लंडनला, दुसरीचा खेड्यात. घराणे, वय, शिष्टाचार, सारे समान; स्थळ तेवढे भिन्न. एकीला जे दिसते ते दुसरीला दिसू शकत नाही, म्हणून प्रत्येक पत्र आवश्यक ठरते. कोणतीही दुसरीची श्रोती नाही.

या दाखल्यांवरून सहलेखकांस काही पथ्ये सुचविता येतात. प्रथम ‘दोघेही’ या शब्दाने आरंभ होणारी चार-पाच विधाने दोघा लेखकांनी मिळून लिहावी. दोघे काय गमावून बसले आहेत, दोघांना कशाची लाज वाटते, दोघे एकत्र का राहतात. त्यानंतरच भेदाकडे वळावे, आणि प्रधान भेद एकच ठेवावा. तो मांडताना ‘नाही’ हा शब्द वर्ज्य करावा: ‘याला धीर नाही’ असे न लिहिता धीराच्या जागी याच्यापाशी काय आहे ते लिहावे. संबोधन आणि ते कोणत्या प्रसंगी बदलेल हे आधी ठरवावे. एक प्रकरण पात्रांची अदलाबदल करून लिहून पाहावे, मग ते छापो वा न छापो. विरोधलोपाचा प्रसंग एकच योजावा.

एक काल्पनिक प्रसंग घेऊन याचा फरक दाखविता येईल. एक वृद्ध विधवा बेकर स्ट्रीटवर येते. पहिल्या मसुद्यात वॉटसन म्हणतो की बाई जवळपासच राहत असावी. होम्स तिच्या पादत्राणांवरची माती दाखवून ती दुरून आल्याचे सिद्ध करतो. वॉटसन थक्क होतो. दुसऱ्या मसुद्यात माती होम्सलाच दिसते. पण बाई पेला डाव्या हाताने उचलते व उजवा हात मांडीवरच ठेवते, हे वॉटसनला दिसते, आणि वैद्यकाच्या अनुभवाने तो ताडतो की तिचा तो हात बधिर आहे. मग जे पत्र तिने कालच स्वतः लिहिले असे ती सांगते ते कोणी लिहिले, हा प्रश्न निघतो. मातीवरून तो निघाला नसता, हातावरून माणूस दुरून आल्याचे कळले नसते. पहिल्या मसुद्यात वॉटसनचा लेखक केवळ पाठिंबा देतो. दुसऱ्यात कथेची किल्ली त्याच्याही हाती आहे.

७. समारोप

ध्वनिविचारातील परिभाषा पात्रांस लावताना एक मर्यादा ओळखली पाहिजे. ध्वनी बदलतो तो पिढ्यांच्या ओघात आणि कोणाच्या इच्छेने नव्हे. पात्र एका कथेतच बदलते, आणि ते का बदलले याचे उत्तर लेखकास द्यावे लागते. तिघांच्या गटातील विरोधाचे गणितही येथे सोडविलेले नाही. तथापि एवढे निश्चित म्हणता येईल की भेद वाढविल्याने विरोध वाढत नाही. तो वाढतो दोघांमध्ये जे सामाईक आहे ते घट्ट धरल्याने, आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची उणीव होऊ न दिल्याने.

मराठीतील पदव्युत्तर अभ्यासकांस येथे करण्याजोगे काम आहे. परभाषेतील प्रसिद्ध जोड्यांच्या मराठी अनुवादांत सर्वनामांची निवड कशी झाली, ती परस्परतुल्य आहे की एकतर्फी, आणि कोणत्या प्रसंगी बदलते, याची नोंद झाली पाहिजे. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीत निवेदन भित्र्या चिमणरावाकडे आहे. म्हणजे येथे कथन करणाराच स्वतःचे हसे करून घेतो. वॉटसनच्या निवेदनाशी त्याची तुलना केल्यास, एकच रचना दोन भाषांत कशी निरनिराळी फळे देते, हे दिसून येईल. अशा नोंदी हाती आल्या म्हणजे सहलेखनाची पथ्ये केवळ अनुभवाच्या नव्हे, तर भाषिक पुराव्याच्या आधारे सांगता येतील.